लाँच म्हणजे सहल नव्हे

कुलाब्यात रेडिओ क्लबजवळ होऊ घातलेल्या प्रवासी जेट्टीचा वाद मी पहिल्या दिवसापासून कान देऊन ऐकते आहे. एका बाजूचं म्हणणं, गेटवेचा परिसर हा वारसा आहे, त्याच्या शेजारी समुद्रात दीड एकराचं काँक्रीट ओतू नका. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, २२९ कोटींचा प्रकल्प आहे, पर्यटन वाढेल, गेटवेवरची रेटारेटी थांबेल. तिसरी बाजू कोर्टात नव्हती, पण घरोघरी आहे. ती विचारते, अटल सेतू झाला, आता लाँचचं एवढं काय घेऊन बसलात? जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटी घालून जेट्टीचा मार्ग मोकळा केला आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. खटला संपला, वाद मात्र भलत्याच जागी रुतून राहिला. कारण या तिन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरली आहे: बोट म्हणजे सहल. ती कुणाच्या डोळ्यांत खुपते, कुणाला कमाईचं साधन वाटते, कुणाला जुनी हौस वाटते. पण तिच्यातून रोज कामाला जाणारा माणूस तिघांच्याही बोलण्यात येत नाही.

हे गृहीतच मला मान्य नाही. लाँच ही मुंबईची सार्वजनिक वाहतूक आहे, लोकल आणि बेस्टची थोरली बहीण. या शहराचा वारसा जितका दगडी कमानीत आहे, तितकाच पाण्यावरून येऊन धक्क्याच्या पायरीवर पाय ठेवण्यात आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की नवी जेट्टी व्हावी, पण ती आधी रोजच्या उतारूंची व्हावी; आणि गेटवेच्या पायऱ्यांवरून लाँच लागणं कायमचं बंद होऊ नये.

माझं आजोळ रेवसच्या अलीकडचं. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, हा घरचा नेम. ओहोटी असली की लाँच धक्क्यापासून इतकी खाली जायची की पहिला पाय थेट तिच्या टपावर पडायचा. खाली उभा असलेला खलाशी आपला हात धरत नसे, मनगट धरत असे. तळहात घामाने निसटतो, मनगट निसटत नाही, हे आईने मला तिथेच सांगितलं. लाँचमध्ये कोण असायचं? रिकाम्या पाट्या एकीत एक घालून परतणाऱ्या कोळणी, गोदीत पाळी करून आलेले कामगार, जे. जे. रुग्णालयातून सुटी मिळालेला पेशंट आणि त्याची मांडीवर डबा घेऊन बसलेली बायको, लग्नाचा बस्ता, एखादी शेळी. तेव्हा माझ्या आजोळी 'फेरी' हा शब्द कुणी वापरत नसे. 'लाँच लागली' म्हणत, आणि त्या दोन शब्दांत एसटी लागल्याचीच घाई असे. घारापुरीच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांना तर आजही पाण्याखेरीज दुसरा रस्ता नाही. ज्या बेटावर २०१८ साली समुद्राखालून केबल टाकल्यावर वीज पोचली, तिथल्या माणसाला बोट म्हणजे सहल असं सांगून पाहावं.

आता वारशाचा मुद्दा. तो मी हलका करणार नाही. कुलाब्याच्या रहिवाशांवर 'आपल्या खिडकीतला समुद्र वाचवायला निघालेले श्रीमंत' असा शेरा मारून अनेकजण मोकळे झाले. ते मला अन्यायाचं वाटतं. जेट्टीलगतचा रामचंदानी मार्ग अरुंद आहे. शनिवारी-रविवारी तिथून चालणंही कठीण होतं. ज्या आराखड्यात दीडशे मोटारींची वाहनतळाची सोय आहे, तो आराखडा गल्लीत आणखी मोटारी आणणार, ही भीती कुणाही शहाण्या माणसाला वाटेल. लोकांना विचारलंच नाही ही तक्रारही खरी. आपल्याकडे समुद्रातली कामं आधी ठरतात आणि किनाऱ्यावरच्यांना मागाहून कळतात. उच्च न्यायालयानेही टर्मिनलमधल्या ॲम्फिथिएटरचा उपयोग फक्त थांबलेल्या प्रवाशांना बसण्यासाठी व्हावा अशी अट घातली, ती उगाच नाही. जेट्टीच्या नावाखाली करमणुकीचं केंद्र उभं राहील, ही रहिवाशांची शंका न्यायालयालाही दखल घेण्याजोगी वाटली.

पण इथून पुढे त्यांचा आणि माझा रस्ता वेगळा होतो. गेटवे ऑफ इंडिया हा वारसा आहे म्हणजे नेमकं काय आहे? १९११ साली राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी जिथे उतरले, त्या जागेची ती खूण. जॉर्ज विटेटने रेखाटलेली कमान १९२४ मध्ये पुरी झाली आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण तिच्याखालून चालत जाऊन बोटीत बसली. राज्य आलं ते पाण्यावरून, गेलं ते पाण्यावरून. कमानीच्या आधी इथे पालवा बंदर होतं, साहेबाच्या तोंडी त्याचं अपोलो बंदर झालं. म्हणजे ही जागा पहिल्यापासून उतरण्या-चढण्याची. कमान हे त्या उतरण्याचं दार. दारातून जाणं-येणं थांबवलं आणि चौकट तेवढी घासूनपुसून ठेवली, तर वारसा जपला असं म्हणायचं का?

म्हणूनच मला जेट्टीपेक्षा जास्त काळजी वाटते ती न्यायालयाच्या दुसऱ्या एका अटीची. नवी जेट्टी झाल्यावर गेटवेच्या सध्याच्या चार जेट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद करायच्या आहेत. नौदलाचीही तशी सूचना होती. सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मारेकरी उतरले ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ, जिथे ना तिकीटखिडकी होती ना पहारा. रोजची वर्दळ, ओळखीचे तांडेल, नोंद होणाऱ्या फेऱ्या असलेली पायरी जास्त सुरक्षित की ओस पडलेली? मोठ्या बोटी, गर्दीच्या फेऱ्या खुशाल नव्या जेट्टीवर न्याव्यात. घारापुरीच्या लाँचची तरी एक पायरी कमानीखाली राहावी.

असाच प्रसंग हाँगकाँगवर आला होता, आणि त्याचा आपल्याशी धागाही आहे. तिथली प्रसिद्ध स्टार फेरी १८८८ साली सुरू केली ती मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. १९६६ मध्ये पहिल्या वर्गाचं तिकीट अवघ्या पाच सेंटांनी वाढवायचं ठरलं तेव्हा उपोषण झालं, मग दंगल उसळली. इतकी ती बोट लोकांच्या रोजच्या जगण्यात होती. १९७२ मध्ये बंदराखालून मोटारींचा बोगदा झाला, तरी ती टिकली. २००६ मध्ये समुद्रात भराव घालण्यासाठी तिचा मध्यवर्ती धक्का पाडून पुढे हलवला, तेव्हा माणसं रस्त्यावर उतरली. ती इमारत काही शिल्पाचा नमुना नव्हती, पन्नासच्या दशकातली साधी बांधणी होती. लोक भांडत होते ते आपल्या रोजच्या उतरण्याच्या जागेसाठी. धक्का गेला, घड्याळाचा मनोरा गेला. बोट चालू आहे, पण गाव आणि धक्का यांत अंतर पडलं. आपली नवी जेट्टी गेटवेपासून पावणेतीनशे-तीनशे मीटरवर आहे. अंतर थोडं आहे म्हणून त्याचा विचारच करायचा नाही, असं होऊ नये.

बंदराचं शहर पाण्यावरून पाहिल्याखेरीज कळत नाही, असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते कवित्व वाटतं. तसं नाही, तो भूगोल आहे. पी. डिमेलो मार्गाने आयुष्यभर ये-जा केलेल्या माणसाला गोदीची भिंत दिसते, भिंतीपलीकडचं बंदर दिसत नाही. मुंबईचा पूर्व किनारा मुंबईकरांनी पाहिलेलाच नसतो. लाँच गेटवेपासून पन्नास वाव पाण्यात गेली की आधी ताजचा घुमट उभा राहतो. तो १९०३ चा, कमानीहून वीस वर्षांनी थोरला, म्हणजे बोटीवरच्या माणसाला मुंबईची पहिली खूण कित्येक वर्षं तोच होता. मग नौदलाची गोदी. याच गोदीत १८१७ साली वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेलं ट्रिंकोमली नावाचं लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतं आहे. पुढे जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, न्हावा-शेवाच्या क्रेन, आणि त्यांच्या मधोमध झाडीत बुडालेला घारापुरीचा डोंगर. मांडव्याकडे वळलं आणि हवा स्वच्छ असली तर दक्षिणेला खांदेरी-उंदेरी. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला तेव्हा मुंबईकर इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या पोटात गोळा का आला, हे पुस्तकात वाचून मला कधी नीट उमगलं नव्हतं. लाँचच्या कठड्याला टेकून उभी राहिले आणि एका नजरेत समजलं: मुंबईच्या दारात येणारं-जाणारं प्रत्येक शीड त्या बेटावरून दिसणार होतं. आता तो किल्ला जागतिक वारसा यादीत आहे. शाळेच्या पोरांना त्याचं महत्त्व फळ्यावर शिकवायचं की पाण्यावर?

'आता पूल आहे' या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. उरण-पनवेलकडच्या हजारो लोकांचा वेळ त्याने वाचवला. रात्री-बेरात्री रुग्णाला मुंबईत न्यायचं तर लाँचची वाट कोण पाहणार? पूल हवाच होता. पण पूल कुणासाठी आहे, हेही पाहा. मोटारीला एका खेपेचे २५० रुपये. दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव. उरण तालुक्यातला कामगार मोटरसायकलवाला आहे, मोटारवाला नव्हे. त्याला तो पूल फक्त दिसतो. उरणजवळच्या मोरा बंदराच्या लाँचमध्ये मात्र तो चढू शकतो. वर्सोव्याहून मढला जायला होडीने पाच-दहा मिनिटं लागतात, रस्त्याने मालाडचा वळसा वीसेक किलोमीटरचा पडतो. त्या होडीत सकाळी नुसती माणसंच नाहीत, स्कूटरीही उभ्या असतात. कोकणात दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून खाडीचा लांबलचक फेरा वाचवते आहे आणि तिच्यातल्या कुणाला आपण सहलीला निघालो आहोत असं वाटत नाही.

शिवाय पूल ही एकच वाट ठेवली, तर ती वाट बंद पडल्यावर काय? गोव्याने याचं उत्तर ५ जुलै १९८६ ला शोधलं. मांडवी नदीवरचा पूल, बांधून वीस वर्षंही झाली नव्हती, कोसळला. त्या दिवसानंतर पणजी आणि बेती यांना जोडायला धावून आल्या त्या फेरीबोटीच. नवा पूल उभा राहायला १९९२ उजाडलं. गोवा सरकारने फेरीबोटी मोडीत काढल्या असत्या, तर ती वर्षं कशी गेली असती? आजही रायबंदर ते चोडण जाताना चालत चढणाऱ्याकडून गोव्यात पैसे घेत नाहीत. सरकारचं नदी परिवहन खातं आहे, बोटी सरकारच्या आहेत, आणि नदी ओलांडणं हा रस्त्याचाच भाग मानला जातो.

आता सर्वांत जड आक्षेप, आणि तो मी चाचरतच मांडते, कारण आमच्या घरात तो आक्षेप नव्हता, आठवण होती. १७ जुलै १९४७. गटारीच्या सणाला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. महिनाभराने स्वातंत्र्य आलं, आणि अख्ख्या किनाऱ्यावर घरटी सुतक होतं. आजी त्यानंतर आषाढात कुणालाही लाँचने येऊ देत नसे. आणि अगदी काल-परवाचं, १८ डिसेंबर २०२४: गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर इंजिनची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जीव गेले. अशा वेळी 'बोटी वाढवा' म्हणणाऱ्या माणसाला विचारलंच पाहिजे, की कुणाच्या जिवावर?

मी याचा खूप विचार केला आहे. 'रामदास' पावसाळ्याच्या वादळी लाटेत, खच्चून भरलेली, पुरेशी जीवरक्षक साधनं नसताना गेली. 'नीलकमल'ला भर दुपारी दुसऱ्या यानाने धडक दिली, आणि त्यानंतर कुठे लाइफ जॅकेटची सक्ती नेटाने सुरू झाली. दोन्ही वेळा माणसं मेली ती पाण्यामुळे जेवढी, त्याहून अधिक पाण्यावरची माणसं मोजायला, त्यांना जॅकेट द्यायला आणि बंदरातली रहदारी वेगळी करायला कुणी बांधील नव्हतं म्हणून. रेल्वेखाली मुंबईत दरवर्षी किती माणसं जातात! म्हणून लोकल बंद करा असं कुणी म्हणत नाही. फलाटाची उंची वाढवा, फेऱ्या वाढवा असंच म्हणतो. लोकल आपली आहे असं आपण मानतो, लाँच आपली मानत नाही, एवढाच फरक. जिला आपण सार्वजनिक वाहतूक म्हणू, तिच्या सुरक्षेचा जाब विचारता येतो. जिला सहल म्हणू, तिच्यात जो तो आपल्या जबाबदारीवर चढतो.

या शहराने पाण्यावरच्या मृत्यूंना पूर्वी कसं उत्तर दिलं होतं, तेही आठवावं. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये होड्या चालत आणि त्या उलटून माणसं दगावत. १८४५ मध्ये तिथे माहीमचा कॉजवे झाला. सरकार खर्चाला कां-कूं करत होतं, तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली ती अशी, की जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. होडीतून जाणाऱ्या गरिबाचं जाणं-येणं हे शहराचं देणं आहे, हे त्या बाईंना १८० वर्षांपूर्वी कळलं होतं. आज आपण तिथे पोचलो आहोत का?

पैशाचा मुद्दा इथेच येतो. बोटी तोट्यात जातात, असं सांगितलं जातं, आणि पुरावा म्हणून २०२२ च्या वॉटर टॅक्सीकडे बोट दाखवतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये माझगावच्या क्रूझ टर्मिनलवरून बेलापूरला ती सुरू झाली, प्रतिसाद मिळाला नाही, सेवा आटली. पण तिकीट किती होतं? कॅटमरानचं २९० रुपये, स्पीडबोटीचं आठशेच्या पुढे. आणि ती लागायची कुठे? जिथून डॉकयार्ड रोड स्टेशन गाठायलाही टॅक्सी शोधावी लागते तिथे. बेलापूरहून फोर्टातल्या कचेरीत जाणारा कारकून लोकलचा पास सोडून या बोटीत का बसेल? जी सेवा रोजच्या माणसासाठी आखलीच नाही, तिच्याकडे रोजचा माणूस फिरकला नाही, यावरून बोटीचा धंदा चालत नाही असा निष्कर्ष काढणं चूक आहे. कोचीने एप्रिल २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू केली ती बेटांवरच्या वस्तीला शहराशी जोडण्यासाठी, वीस रुपयांपासून तिकीट ठेवून. तिथला धक्का तरंगता आहे. भरती असो की ओहोटी, बोटीची कड आणि धक्क्याची कड एका पातळीत राहते, आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस कुणाच्या मदतीवाचून आत जातो. आपल्याकडे मोऱ्याला बंदरात गाळ साचल्याने मोठ्या ओहोटीला लाँचच बंद ठेवावी लागते. हा अभियांत्रिकीचा अवघड प्रश्न आहे की प्राधान्याचा? मुंबईच्या जलमेट्रोचा अहवाल तयार करायला कोची मेट्रोच्याच लोकांना बोलावलं, ही आशेची गोष्ट. त्यांनी कोचीचे धक्के तर आणावेतच, कोचीचं तिकीटही आणावं.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न उरतो. गेटवेच्या मांडवा फेऱ्या जून ते ऑगस्ट बंद असतात, त्या असाव्यातच. आषाढातल्या दर्याशी हुज्जत घालू नये हे आमच्या आजीने आम्हाला शिकवलेलं आहे. पण बंदराच्या आतल्या आडोशाने भाऊच्या धक्क्याहून मोऱ्याच्या लाँच पावसातही हवामान बघून चालतात, आणि २०२० पासून मांडव्याची रो-रो, म्हणजे माणसांबरोबर मोटारीही नेणारी बोट, तशीच चालते. वर्षातले नऊ महिने चालणारी गोष्ट बारा महिने चालत नाही म्हणून टाकाऊ ठरत नाही.

तेव्हा रेडिओ क्लबच्या जेट्टीचा आराखडा पुढच्या वेळी कुणी लोकांपुढे ठेवला, तर त्यात दीडशे मोटारी कुठे उभ्या राहतील हे मला सर्वांत शेवटी बघायचं आहे. आधी मला त्यात बेस्टचा थांबा दाखवा, आणि तिथून चर्चगेट आणि सीएसएमटीला दर किती मिनिटांनी बस सुटेल ते सांगा. लोकलचा पास लाँचला चालेल का ते सांगा. मोऱ्याच्या आणि रेवसच्या लाँच तिथे लागणार की नाहीत, की तिथे फक्त मांडव्याला शनिवार-रविवार काढायला जाणारेच चढणार, ते सांगा. भाऊच्या धक्क्यावर पहाटेच्या लाँचने येऊन मासळी घेऊन परत जाणाऱ्या बाईला बसायला सावली आणि संडास तरी आहे का, याचं उत्तर नवं काही बांधण्याआधी द्या. भाऊ अजिंक्यांनी एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला तेव्हा लोकांनी त्याला त्यांचं नाव दिलं, आणि धक्क्याची जागा बदलली तरी ते सोडलं नाही.

गेल्या माघात मी पुन्हा रेवसची लाँच धरली. ओहोटी होती. टप तसाच खाली, पायरी तशीच शेवाळलेली. माझ्या पुढे एक म्हातारी होती, हातात औषधांची पिशवी. ती थबकली, खाली बघत राहिली. खलाशी विशीतला पोरगा. "आजी, खाली बघू नको, माझ्याकडं बघ," तो म्हणाला, आणि पुढे होऊन त्याने तिचं मनगट धरलं.